पू येतो कुठून? पांढऱ्या पेशींच्या धावपळीमागची जुनी गोष्ट

पायात काटा मोडला आणि नीट निघाला नाही की दोन दिवसांत तिथं ठसठसायला लागतं, लाल होतं, मग पू धरतो. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण त्या पूमधल्या पेशी नेमक्या येतात कुठून, यावर १९व्या शतकात युरोपातल्या मोठमोठ्या डॉक्टरांची चांगलीच जुंपली होती, आणि आज सीबीसीच्या, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजण्याच्या तपासणीच्या रिपोर्टवर 'न्यूट्रोफिल्स (एका जातीच्या पांढऱ्या पेशी) वाढलेत' वाचून आपण 'इन्फेक्शन दिसतंय' म्हणतो त्याचं मूळही त्याच भांडणात आहे.

तेव्हाचं वजनदार नाव म्हणजे बर्लिनचे रुडॉल्फ फिरखो. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच होते आणि आजार म्हणजे पेशींचा बिघाड, ही मांडणी त्यांनी १८५०च्या दशकात सगळ्यांच्या गळी उतरवली. साहजिकच पूच्या पेशीसुद्धा जागच्या जागी, तिथल्याच पेशींपासून होणार असं ते धरून चालले. त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या यूलियस कोनहाइमने १८६७ मध्ये बेडकाच्या आतड्याजवळचा पातळ पडदा, बेडूक जिवंत असतानाच, मायक्रोस्कोपखाली पसरला आणि बघत बसला. रक्तवाहिन्या फुगल्या, रक्त मंदावलं, पांढऱ्या पेशी कडेला सरकून भिंतीला चिकटल्या, मग भिंतीच्या बाहेरच्या अंगाला एक बारीक टोक दिसलं, ते मोठं मोठं होत गेलं आणि अख्खी पेशी बाहेर! भिंत कुठं फाटलेली नाही बरं का. (ऑगस्टस वॉलरने १८४६ मध्येच बेडकाच्या जिभेत हे पाहून छापलंही होतं, पण कुणी मनावर घेतलं नाही.)

म्हणजे पेशी रक्तातून येतात हे कळलं, पण कशाला? बऱ्याच जणांचं म्हणणं असं की या पेशी जंतूंना पोटात घेऊन अंगभर पोचवतात, म्हणजे जंतूंचे हमालच.

हे उलटं फिरवलं ते डॉक्टर नसलेल्या माणसाने. इल्या मेचनिकॉफ प्राणिशास्त्रज्ञ, ओडेसातली प्राध्यापकी सोडून १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिनाला आलेला. घरचे सगळे सर्कशीतली माकडं बघायला गेलेले आणि हा एकटा तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळीतल्या हिंडणाऱ्या पेशी बघत होता, तेवढ्यात डोक्यात आलं की या पेशी शरीरात घुसलेल्या परक्या गोष्टीवर धावून जात असतील तर? बागेतले गुलाबाचे काटे आणले, अळ्यांच्या कातडीखाली खुपसले, आणि सकाळी पाहिलं तर काट्यांभोवती पेशींची ही गर्दी. मला यात खरी कमाल वाटते ती अळी निवडण्याची, कारण तिला रक्तवाहिन्याच नसतात, म्हणजे लाल होणं, सुजणं हे सगळं बाजूला राहिलं आणि पेशी स्वतःहून चालत येतात एवढंच उघडं पडलं. पुढच्या वर्षी खुद्द फिरखो मेसिनाला आले तेव्हा त्यांनी हे पाहून उत्तेजन दिलं, पण 'जपून' असंही म्हणाले, कारण पॅथॉलॉजीवाले नेमकं उलटं शिकवत होते.

१८९०ला बेरिंग आणि कितासातो यांनी रक्तातल्या द्रवातच जंतूंच्या विषावरचा उतारा दाखवला आणि मग शरीराचं रक्षण पेशी करतात की हा द्रव, यावर पेशीवाले विरुद्ध द्रववाले असं जोरात पेटलं. १९०८चं नोबेल शेवटी मेचनिकॉफ आणि द्रववाल्यांचे पॉल एर्लिख यांना विभागून दिलं.

जाता जाता, मेचनिकॉफचा ओडेसातला एक विद्यार्थी म्हणजे वाल्डेमार हाफकिन, तोच जो १८९६च्या प्लेगात मुंबईत आला आणि १० जानेवारी १८९७ला स्वतःची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची.

पण पेशी भिंतीला चिकटतात कशा हे कळायला १९८०चं दशक उजाडलं, आणि ते कळलं आजारी बाळांमुळे. काही बाळांची नाळ महिना होत आला तरी गळून पडायची नाही, इन्फेक्शन पाठ सोडायची नाहीत, रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट आणि जखमेत मात्र पू औषधालाही नाही! कोनहाइमने पाहिलेली ती चिकटण्याची पायरीच यांच्यात होत नव्हती, कारण पेशीवरचं इंटिग्रिन नावाचं प्रोटीन जन्मतःच बिघडलेलं, मग पेशी रक्तातून नुसत्या वाहत राहतात आणि बाहेर पडू शकत नाहीत. आज अशा बाळांचं निदान परळलाच, केईएम हॉस्पिटलच्या आवारातल्या एनआयआयएच (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी) या संस्थेत होतं, हाफकिनच्या त्याच रस्त्यावर.

मग कुणाला तरी सुचणारच की जिथं पेशी नको तिथं घुसतात तिथं हीच चिकटण्याची जागा मुद्दाम बंद करू. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये पांढऱ्या पेशी मेंदूत शिरून नसांवरचं आवरण खातात, त्यासाठी दुसऱ्या एका इंटिग्रिनला अडवणारं नॅटॅलिझुमॅब नावाचं औषध २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. फेब्रुवारी २००५ मध्ये कंपनीनेच ते मागे घेतलं, कारण पहाराच उठल्यावर काही पेशंटच्या मेंदूत जेसी नावाच्या, एरवी अंगात गुपचूप पडून असणाऱ्या विषाणूने हैदोस घातला होता. २००६ मध्ये ते कडक अटींवर परत आलं, आणि आता सुरू करायच्या आधी रक्तात त्या विषाणूच्या अँटिबॉडी आहेत का ते बघतात.