डिस्टिलरीतला सीओटू विकायचाय? परवानग्या, कागदपत्रं आणि आधी करायचा हिशोब

ज्या साखर कारखान्यांनी गेल्या काही वर्षांत इथेनॉलसाठी डिस्टिलरी टाकली किंवा वाढवली त्यांच्याकडे हा प्रश्न येतोच, की फर्मेंटरमधून, म्हणजे मळी किंवा रस आंबवायच्या टाकीतून, एवढा कार्बन डायऑक्साइड (सीओटू) सुटतोय तो पकडून विकता येईल का, आणि त्याला काय काय लागतं. विकता येतो. बऱ्याच डिस्टिलरींच्या पर्यावरण मंजुरीत तर अटच असते की हा गॅस बाटलीबंद करा नाहीतर ड्राय आइस करून विका, त्यामुळे पहिलं काम म्हणजे फाइलमधून ते मंजुरीचं पत्र काढा आणि अटी नीट वाचा.

आता हिशोब, कारण अर्ज करायचा की नाही हे इथंच ठरतं. 180 किलो ग्लुकोज आंबलं की 92 किलो अल्कोहोल आणि 88 किलो सीओटू निघतो, म्हणजे लिटरभर अल्कोहोलमागे साधारण पाऊण किलो गॅस. दिवसाला 60 हजार लिटरची डिस्टिलरी असेल तर कागदावर 45 टन होतात. पण सगळा हाती लागत नाही. बॅच सुरू झाली की पहिले काही तास फर्मेंटरमध्ये हवा असते, ती हवा गॅससोबत आली की पुढं गॅस थंड करायच्या कंडेन्सरमध्ये ती द्रव होत नाही, ती तशीच साठत जाते, मग ती बाहेर सोडावी लागते आणि सोडताना चांगला गॅसही घेऊन जाते, म्हणून सुरुवातीचा गॅस घेतच नाहीत. 30 ते 35 टन धरून चाला.

गॅस फुकट आहे म्हणून धंदा फुकटात होतो असं समजून बरेच जण अडकतात. तो पाण्यानं धुवायचा, कोळशाच्या (कार्बन) फिल्टरमधून वास काढायचा, कोरडा करायचा, 20 बारपर्यंत (हवेच्या दाबाच्या साधारण 20 पट) दाबायचा आणि उणे 20 अंशाच्या आसपास थंड करून द्रव करायचा. याला टनामागे दीडशे ते दोनशे युनिट वीज धरा, 8 रुपये युनिटनं 1,200 ते 1,600 रुपये नुसत्या विजेचे झाले. कारखान्याची स्वतःची सहवीज (उसाच्या चिपाडावरची वीज) असेल तर थोडं हलकं पडतं. त्यात टाकीचा आणि कॉम्प्रेसरचा हप्ता रोज चालू, प्लांट चालो न चालो. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली तेव्हा ज्यांचं रसावर चालायचं त्यांचे फर्मेंटर थांबले, आणि फर्मेंटर थांबला की सीओटू थांबला. हा जोडधंदा आहे, त्याची चावी इथेनॉलच्या धोरणाकडे आहे, हे बँकेच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा आणि वर्षातले खरे चालू दिवस धरा, 330 नको.

अर्ज कोण करू शकतं? कंपनी, भागीदारी, सहकारी कारखाना, कुणीही, पण जागा स्वतःची नाहीतर रजिस्टर्ड भाडेकरारावर हवी. बरेच कारखाने स्वतः प्लांट टाकत नाहीत, गॅस कंपनीला जागा आणि कच्चा गॅस देऊन टनावर पैसे घेतात. तसं असेल तर साठवणुकीचं लायसन्स प्लांट चालवणाऱ्याच्या नावानं निघणार, म्हणून करारात जागेची हद्द, गॅसचा किमान पुरवठा आणि बंद काळात वीज कोण भरणार हे आधीच लिहून घ्या. कारखाना सहकारी असेल तर संचालक मंडळाचा ठराव पहिल्या दिवसापासून फाइलला लागतो.

कागदांमध्ये सगळ्यात जड भाग पेसोचा, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेलं स्फोटकं खातं. द्रव सीओटूची टाकी हे 2016 च्या स्टॅटिक अँड मोबाइल प्रेशर व्हेसल्स नियमात येतं (1,000 लिटरच्या वरची दाबाची टाकी). इथं दोन टप्पे आहेत. आधी साइट प्लॅन आणि टाकी, कुंपण, इमारती यांची अंतरं दाखवणारा लेआउट देऊन मंजुरी घ्यायची, मग बांधकाम करायचं, आणि शेवटी टाकीचं टेस्ट सर्टिफिकेट आणि मान्यताप्राप्त तज्ज्ञाचा सुरक्षा दाखला जोडून लायसन्स मागायचं. मंजुरीआधी फाउंडेशन घालू नका, अंतर कमी भरलं तर ते उकरायलाच लागतं. टाकीही पेसोची मान्यता असलेल्या फॅब्रिकेटरकडूनच घ्या.

सिलेंडर भरून विकणार असाल तर गॅस सिलेंडर नियम 2016 खाली भरण्याचं फॉर्म ई मधलं आणि साठवण्याचं फॉर्म एफ मधलं लायसन्स वेगळं. नुसता टँकरनं विकायचा असेल तर हे वाचतं, पण टँकरला स्वतःचं पेसो लायसन्स हवं, ते गाडीवाल्याकडून बघून घ्या.

बाकी खात्यांचं थोडक्यात सांगतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती असतेच, त्यात नवं उत्पादन म्हणून सीओटू टनात लिहून घ्यायचा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून प्लॅन मंजूर करून घ्यायचा. फर्मेंटरवरून पाइप काढणार म्हणजे डिस्टिलरीच्या मांडणीत बदल, त्यामुळे राज्य उत्पादन शुल्क खात्याला आधी कळवून परवानगी घ्या, हे लोक हमखास विसरतात.

गॅस कोल्ड्रिंकवाल्यांना द्यायचा असेल तर एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं लायसन्स लागतं, त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवर अर्ज होतो. आयएस 307 चा (सीओटूच्या भारतीय मानकाचा) लॅब रिपोर्ट जवळ ठेवाच, मोठे कोल्ड्रिंकवाले शिवाय स्वतःची तपासणी लावतात, गंधकाचा किंवा अल्डिहाइडचा जरा वास आला तरी अख्खा टँकर परत येतो. वेल्डिंगवाल्यांचं एवढं कडक नसतं पण गॅस कोरडा पाहिजे, ओलावा राहिला की वेल्डमध्ये भोकं पडतात. पुण्याजवळच्या चाकणच्या वाहन कारखान्यांच्या पट्ट्यात हे गिऱ्हाईक वर्षभर आहे, कोल्ड्रिंकचं मात्र मुख्यतः उन्हाळ्यात. म्हणून मशीनची ऑर्डर द्यायच्या आधी निदान एका वेल्डिंग गॅस विक्रेत्याचं आणि एका बॉटलिंगवाल्याचं लेखी मागणीपत्र घ्या, बँकही तेच मागते.

आणि लेआउट काढतानाच एक गोष्ट पक्की करा. हा गॅस हवेपेक्षा दीडपट जड, तो खड्ड्यात, पाइपच्या चरात, तळघरात साचतो आणि दिसत नाही, वास येत नाही. चर उघडे ठेवा, पंपाचे खड्डे टाळा, सीओटूचे अलार्म जमिनीलगत लावा आणि नकाशावर ती जागा दाखवा.