पिल्लाचे दात बदलताना: चावायला काय द्यावं, काय देऊ नये

कुत्र्याचं पिल्लू साडेतीन-चार महिन्यांचं झालं की आमच्या दुकानात तक्रार एकच येते: दारात चप्पल ठेवायची सोय राहिली नाही. पिल्लू वांड झालं म्हणून मग त्याला फटके बसतात. कृपा करून मारू नका. या दिवसांत त्याच्या हिरड्या ठणकत असतात आणि चावलं की त्याला खरंच बरं वाटतं.

दुधाचे दात 28 असतात आणि ते तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येतात. साधारण बाराव्या आठवड्यापासून पुढचे बारीक दात पडू लागतात, मग सुळे आणि दाढांची पाळी. सातव्या महिन्यापर्यंत कायमचे 42 दात आलेले असतात. पडलेला दात पिल्लू बहुतेक वेळा गिळून टाकतं, त्याने काही अपाय होत नाही. खेळण्यावर रक्ताचा ठिपका, जास्त लाळ, एखाद्या वेळी ताटलीत उरलेलं जेवण, एवढं चालायचंच. सुकं खाणं कोमट पाण्यात भिजवून दिलं तर त्याला सोपं जातं.

चप्पल आणि नळी

कोल्हापुरी पायताण अस्सल चामड्याचं. त्याचा वास आणि चिवटपणा पिल्लाला ओढून नेतो. पुष्कळ जण जुनी चप्पल त्याला देऊन टाकतात. पण जुनी कुठली आणि नवी कुठली, हे पिल्लाला कळत नाही. चप्पल चावायची असते एवढंच ते शिकतं. चपला कपाटात ठेवा, चार्जरच्या वायरी उंचावर घ्या. वायर चावली तर शॉक बसून जीव जाऊ शकतो.

घरात मटण शिजलं की प्रेमाने नळी पुढे टाकली जाते. हे मात्र आम्ही आग्रहाने थांबवायला सांगतो. शिजलेलं हाड फुटून त्याचे टोकदार तुकडे होतात. ते घशात किंवा आतड्यात रुतू शकतात, दातही तुटतो. रश्शातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना मारक आहे, म्हणून रस्सा-भाकरीही नको. रंकाळ्यावर खाल्लेल्या कणसाचा बुरकुंडा आणि आंब्याची कोय आतड्यात अडकते आणि मग ऑपरेशनशिवाय इलाज राहत नाही.

मग द्यायचं काय?

घेण्याआधी वस्तूवर अंगठ्याचं नख दाबून बघा. नख जराही रुतलं नाही तर ती दातांसाठी फार कडक आहे. आमच्याकडची खेळणीही याच कसोटीवर पारखून घ्या. खेळणं पिल्लाच्या तोंडात अख्खं मावणार नाही एवढं मोठं हवं.

सगळं विकतच घ्यायला हवं असं नाही. स्वच्छ सुती पंचाचा तुकडा ओला करून पिळा, तासभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि द्या. गारव्याने हिरड्यांची आग कमी होते. धागे सुटू लागले की काढून घ्या. फ्रीजमधलं जाड, अख्खं गाजरही चालतं. दोन्ही वेळा शेजारी बसून राहा. रस्सीखेच खेळत असाल तर हिसके देऊ नका, दात हलते असतात.

हाताला चावलं तर ओरडू नका, हात हिसकू नका. खेळ तिथेच थांबवा, क्षणभर तोंड फिरवा आणि मग खेळणं पुढे करा. हे घरातल्या सगळ्यांनी सारखंच करायला हवं. आजोबांनी हात चावू दिला आणि नातवाने फटका मारला, तर पिल्लू गोंधळतं.

माणसांचं दातदुखीचं जेल, पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांतलं काहीही देऊ नका. ही औषधं कुत्र्याला विषारी ठरतात.

डॉक्टरांकडे कधी?

उलट्या, पातळ जुलाब, ताप, दिवसभर अन्नाला तोंड न लावणं, ही दात येण्याची लक्षणं समजून थांबू नका. याच वयात पार्व्हो या विषाणूच्या आजाराचा धोका मोठा असतो, तेव्हा त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. लसी वेळेवर पूर्ण करा.

आठवड्यातून एकदा ओठ वर करून तोंड बघायची सवय लावा. नवा सुळा आला तरी दुधाचा सुळा हलत नसेल, एका जागी दोन दिसत असतील, तर तो दात दाखवून घ्या. पोमेरेनियन, शिह त्झूसारख्या छोट्या जातींत हे जास्त आढळतं. दोन दातांच्या फटीत अन्न साचतं आणि नवा दात वाकडा येतो. खालचा सुळा आत वळून टाळूलाही टोचतो. सहाव्या-सातव्या महिन्यात नसबंदी करणार असाल तर त्याच भुलेत हा दात काढता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. पण सुळा टाळूला टोचत असेल तर तोवर थांबू नका.