पंखा बदलणे (यांत्रिक होडीचा)

इंजिनावर चालणाऱ्या लहान होडीचा प्रोपेलर, म्हणजेच पंखा, मोडला, वाकला किंवा निकामी झाला की तो उतरवून दुसरा बसवण्याचे काम. कोकण किनाऱ्यावर याची गरज वरचेवर पडते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाण्याखालचे खडक, देवबागला कर्ली खाडीच्या मुखाशी जागा बदलत राहणारी वाळू आणि सगळीकडे तरंगणारे जाळ्यांचे नायलॉनचे तुकडे, ही त्याची नेहमीची कारणे.

पाते तुटले तर ते दिसते. फसवा असतो तो आतला बिघाड. बऱ्याच आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेर लावलेल्या, इंजिनांच्या पंख्यात मधोमध रबरी बुश असते. आपटल्यावर धक्का तिने सोसावा आणि गिअर वाचावा, अशी ही योजना. ती सटकली की पाती शाबूत असूनही रेस वाढवल्यावर इंजिन नुसतेच ओरडते, होडी वेग घेत नाही. जुन्या लहान इंजिनांत हेच काम एक मऊ पिन स्वतः तुटून करते. तिच्या जागी खिळा ठोकला तर पुढचा धक्का थेट गिअरपर्यंत पोचतो.

आउटबोर्डचे काम सोपे आहे. इंजिन बंद करून न्यूट्रलला ठेवायचे आणि सुरक्षा-दोरीची क्लिप काढायची. पाते व वरची आडवी पट्टी यांत लाकडाचा ठोकळा अडकवला की पंखा फिरत नाही. मग कॉटर पिन, नट, वॉशर या क्रमाने सुटे भाग काढून पंखा मागे ओढायचा. हे पाण्यात उभे राहून करणार असाल तर खाली घमेले धरलेले बरे. वाळूत पडलेला वॉशर सापडत नाही. शाफ्टवर, म्हणजे पंखा बसतो त्या दांड्यावर, नायलॉनचा दोरा गुंडाळलेला असेल तर तो पुरता कापून काढावा, कारण तो ऑइल सील (तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारी कडी) कापतो. गिअरचे तेल दुधाळ दिसले तर पाणी आत शिरले आहे असे समजावे. नुसता पंखा बदलून भागणार नाही. नवा पंखा चढवण्याआधी शाफ्टच्या दात्यांना समुद्री ग्रीस लावतात आणि कॉटर पिन नवीच घालतात.

पंख्यावर व्यास आणि पिच इंचांत कोरलेले असतात. १३ पिच म्हणजे न घसरता फिरला तर एका फेऱ्यात १३ इंच पुढे. पिच एका इंचाने वाढवल्यास इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण १५० ते २०० ने उतरतात. माणसे भरून नेणाऱ्या होडीला म्हणून कमी पिच मानवतो.

इनबोर्ड, म्हणजे इंजिन आत बसवलेल्या, होडीचा पंखा निमुळत्या शाफ्टवर चावीने (खाचेत बसणाऱ्या धातूच्या तुकड्याने) बसवलेला असतो आणि तो काढायला पुलर, म्हणजे ओढून काढायचे अवजार, लागते. हातोड्याने ठोकून काढणे म्हणजे शाफ्ट वाकवणे. होडी भरतीला किनाऱ्याशी आणून ओहोटीत कोरडी पडली की काम उरकतात, पुढची भरती यायच्या आत. उधाणाच्या भरतीला फार वर घेतलेली होडी भांगात, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांत, तरंगत नाही, याचे भान ठेवावे लागते. मोठी दुरुस्ती बहुतेक जण १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळावर ढकलतात.

वाकलेला ब्राँझचा पंखा तापवून, ठोकून सरळ करता येतो. ॲल्युमिनियमचा वेल्डिंग करून चालतो खरा, पण तो जादा म्हणून होडीत ठेवण्यापुरताच.