लाल पाणी: सूक्ष्मजीवांचे आणि लोहाचे

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे एरवी हिरवट असणारे पाणी गुलाबी झाले. लोणार बुलढाणा जिल्ह्यात असले तरी जालना जिल्ह्याच्या सीमेला लागूनच आहे, त्यामुळे मंठा-परतूरकडच्या मंडळींनाही या रंगाचे कारण जाणून घ्यावेसे वाटणे स्वाभाविक होते. तांबूस पाणी दिसले की खडकातले लोह उतरले असावे, असा समज सहज होतो. जगातील काही प्रसिद्ध लाल पाण्यांच्या बाबतीत तो खराही आहे, मात्र लोणारच्या बाबतीत नाही.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत लोणारचा गुलाबी रंग हॅलोआर्किया नावाच्या, खारट पाण्यात फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे दिसून आले. उन्हाळ्यात पाणी आटून क्षारता वाढली, की या जीवांना रान मोकळे मिळते. प्रखर उन्हापासून बचाव व्हावा म्हणून ते आपल्या पेशींत लाल-नारिंगी रंगद्रव्य तयार करतात आणि त्यांची संख्या प्रचंड वाढली म्हणजे सरोवरच गुलाबी दिसू लागते. नमुन्यातील हे जीव तळाशी बसल्यावर वरचे पाणी नितळ झाले, म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच. पश्चिम ऑस्ट्रेलियातील मिडल आयलंडवरच्या हिलियर सरोवराचा गुलाबी रंगही याच जातकुळीचा. तेथे २०२२ च्या मोठ्या पावसाने क्षारता घटली आणि रंग ओसरला.

स्पेनच्या वेल्वा प्रांतातील रिओ टिंटो नदीचा लाल रंग मात्र वेगळ्या घराण्यातला आहे. तिच्या खोऱ्यातील गंधकयुक्त लोहखनिजाचा हवा-पाण्याशी संबंध येऊन आम्ल तयार होते, त्यामुळे नदीचा सामू दोनच्या आसपास उतरतो आणि इतक्या आम्लधर्मी पाण्यात लोह तळाशी न बसता विरघळलेलेच राहते. हे पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळले तरी तांबूसच उतरते, तर लोणारच्या गुलाबी पाण्यातील पेशी त्याच गाळणीवर अडकतात. लोणारचे पाणी अल्कधर्मी आणि टिंटोचे जहाल आम्लधर्मी, तरी लांबून काढलेल्या छायाचित्रात दोन्ही सारखीच वाटतात! टिंटोमध्ये लोहाच्या ऑक्सिडीकरणाला वेग देणारे जिवाणू आहेत, हे खरे. पण तेवढ्यावरून तिचा रंग जिवाणूंचा म्हणणे अर्धसत्य ठरेल, कारण जिवाणूंनी काम केले तरी रंग लोहाचाच आहे.

ही गल्लत जाणकारांकडूनही झालेली आहे. अंटार्क्टिकातील टेलर हिमनदीच्या टोकाशी रक्तासारखा लाल प्रवाह ग्रिफिथ टेलर या भूवैज्ञानिकाला १९११ मध्ये आढळला आणि हा रंग शेवाळाचा असावा, असे सुरुवातीला मानले गेले. प्रत्यक्षात हिमनदीखाली कोंडलेले लोहयुक्त खारे पाणी बाहेर येऊन त्याचा हवेतील ऑक्सिजनशी संबंध येतो आणि ते तांबडे पडते. आपल्याकडे एखाद्या हातपंपाचे पाणी बादलीत पडताना स्वच्छ असते, पण तास-दोन तास ठेवले की पिवळट-तांबूस होऊन तळाशी गंजासारखा साका बसतो. तेथे घडते ते हेच.

गरम झऱ्यांच्या बाबतीत आणखी सावधपणे पाहावे लागते. उष्णता असली म्हणजे रंग येतोच असे नाही, हे किनवट तालुक्यातील उनकेश्वरचे झरे पाहिलेल्यांना सांगायला नको. अमेरिकेतील यलोस्टोनच्या ग्रँड प्रिझमॅटिक झऱ्याचे पिवळे-नारिंगी कडे म्हणजे तुलनेने कमी तापलेल्या काठावर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचे थर आहेत; मधल्या भागात पाणी इतके तापलेले असते की तेथे हे थर टिकत नाहीत, आणि तेथील निळाई खोल, स्वच्छ पाण्यातून परतणाऱ्या प्रकाशाची आहे. जपानमधील बेप्पूच्या 'चिनोइके जिगोकु' या रक्तवर्णी गरम तळ्यात मात्र सूक्ष्मजीवांच्या थरांचा संबंध नाही; तेथील लाली लोहयुक्त तांबड्या मातीची आहे.