२२०३७ म्हणजे १ मे १९६०

एक्सेलमध्ये तारखांचा रकाना असतो. फाइल कुणाकडे तरी जाऊन परत येते आणि १ मे १९६० च्या जागी २२०३७ दिसू लागतं. मग ‘फाइल करप्ट झाली’, ‘व्हायरस आला’ अशी धावपळ सुरू होते. खरं तर काहीच बिघडलेलं नसतं. सेलमधली (तक्त्याच्या चौकटीतली) मूळ नोंद २२०३७ हीच होती. फॉरमॅट तिला तारखेसारखं दाखवत होता, तो निघून गेला, एवढंच.

स्प्रेडशीट, म्हणजे एक्सेलसारखा आकडेमोडीचा तक्ता, तारीख साठवते ती निव्वळ संख्या म्हणून. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरायचा आणि तिथून एकेक दिवस मोजत यायचं. १५ ऑगस्ट १९४७ हा १७३९४ वा दिवस, महाराष्ट्र स्थापनेचा १ मे १९६० हा २२०३७ वा. वजाबाकी केली की मधले ४६४३ दिवस हाती येतात. कुठला महिना तिसाचा, कुठला एकतिसाचा, मध्ये लीप वर्षं किती, काही बघावं लागत नाही. वारही याच आकड्यात आहे. त्याला ७ ने भागा. बाकी १ उरली तर रविवार, २ उरली तर सोमवार, असं करत ० उरली तर शनिवार. २२०३७ ची बाकी १, म्हणून रविवार. १७३९४ ची बाकी ६, म्हणून शुक्रवार. जुनं कॅलेंडर काढून ताडून पाहा, दोन्ही बरोबर आहेत. एका भागाकारात वार सापडतो, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

आता हीच रीत १ जानेवारी १९०० ला लावा. क्रमांक १, बाकी १, म्हणजे रविवार. पण त्या दिवशी सोमवार होता! चूक सापडते ६० व्या क्रमांकावर. एक्सेल त्याला २९ फेब्रुवारी १९०० म्हणतं, आणि असा दिवस कधी उगवलाच नाही. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप, हे आपण शाळेत शिकलो. २००० ला जातो, १९०० ला जात नाही. १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटने मात्र १९०० लीप धरलं होतं. तिच्या फायलींतले आकडे जुळावेत म्हणून एक्सेलने ती चूक जाणूनबुजून ठेवली. आज ती सुधारायची तर साठवलेली जवळजवळ प्रत्येक तारीख एका दिवसाने सरकेल. गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस या दुसऱ्या स्प्रेडशीटनी सुंदर तोड काढली: शून्य ठेवला ३० डिसेंबर १८९९ वर. खोटा दिवस नको, आणि १ मार्च १९०० पासून आकडे एक्सेलशी तंतोतंत जुळतात.

मॅकवरच्या जुन्या एक्सेलने १ जानेवारी १९०४ ला शून्य धरलं. तिथे १ मे १९६० म्हणजे २०५७५. फरक १४६२ चा: चार वर्षांचे १४६० दिवस, तो खोटा २९ फेब्रुवारी, आणि मोजणी एकाऐवजी शून्यापासून केल्याचा आणखी एक.

जन्मतारखेच्या अंकांची बेरीज करून भविष्य सांगणाऱ्यांना इथे एक प्रश्न विचारायला हवा. १-५-१९६० ची बेरीज ४ येते, २२०३७ ची ५, २०५७५ ची १. दिवस तोच, सूर्य तोच. मोजायला कुठून सुरुवात करायची हे माणसांनी ठरवलं, त्यात कुणाचं नशीब कसं असेल?

वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक. दुपारचे बारा ०.५, संध्याकाळचे सहा ०.७५. कामाचे तास बेरजेला घेतले की २६ तासांचे २:०० दिसतात, कारण नेहमीचा फॉरमॅट पूर्ण दिवस गाळून उरलेली वेळ दाखवतो. फॉरमॅटमधलं तासांचं एच हे अक्षर चौकटी कंसात घातलं की २६ दिसतात. खरी गंमत पुढे आहे. संगणक अपूर्णांक २, ४, ८, १६ अशा छेदांत लिहितो. सकाळचे नऊ म्हणजे ३/८, ते अचूक बसतात. दहा म्हणजे ५/१२. छेदात ३ आला, आता ते संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत कधीच संपत नाहीत. दिवसाचे ८६४०० सेकंद म्हणजे १२८ गुणिले ६७५. म्हणून पूर्ण सेकंदांच्या वेळांपैकी ११ मिनिटं १५ सेकंदांच्या पटीतल्या, दिवसभरात फक्त १२८ वेळा अचूक साठतात. बाकी सगळ्यांत अतिसूक्ष्म फरक राहतो. दहा-दहा मिनिटं मिळवत गेल्यावर ‘हे दहा वाजले का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर येऊ शकतं ते यामुळेच. अशा वेळी १४४० ने (दिवसाच्या मिनिटांनी) गुणून, जवळचा पूर्णांक घेऊन, पुन्हा १४४० ने भागावं.

इथवरचं सगळं परत फिरवता येतं. टाइप करतानाच एक्सेल जो अर्थ लावतं, तो मात्र सेलमधली नोंदच बदलतो. सोळा आकडी क्रमांक लिहा, शेवटचा अंक शून्य होतो, कारण पंधराच अंक जपले जातात. सुरुवातीचं शून्य गळतं. संगणकाची सेटिंग अमेरिकेची असेल तर ०५/०६ म्हणजे ६ मे होतो, आणि १३/०६/२०२४ तारीख न होता अक्षरं म्हणून डावीकडे चिकटून बसतं. नंतर कितीही फॉरमॅट बदलले तरी हे दुरुस्त होत नाही. सेल आधी ‘टेक्स्ट’ करावा, किंवा नोंदीच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह द्यावं.

जनुकशास्त्रज्ञांना याचा जबर फटका बसला. ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट२’ या जनुकांच्या १ मार्च आणि २ सप्टेंबर अशा तारखा होत गेल्या. एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशात अशा चुका असल्याचं २०१६ मध्ये दिसून आलं. अखेर २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली: ‘मार्चएफ१’, ‘सेप्टिन२’. आपोआप होणारं हे रूपांतर बंद करायची सोय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये दिली. एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये ‘डेटा’ या भागात ती सापडेल.