कॅम्पर गाडीला मोठं इंजिन बसवताय? आधी गाडी दाखवा, इंजिन नंतर घ्या

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर किंवा ट्रॅक्स घेऊन तिची कॅम्पर (आत झोपण्या-रांधण्याची सोय असलेली गाडी) करून घेतलेल्या ग्राहकांचे फोन बेळगावच्या आमच्या वर्कशॉपला सारखे येतात. गोव्याला जाताना गाडी मजेत उतरते. परत येताना चोर्ला घाटात दुसऱ्या गिअरवर रांगते, तापमानाचा काटा लालकडे सरकतो आणि मागे गाड्यांची रांग लागते. आंबोलीच्या चढालाही तेच. मग विचारणा होते, "मोठं डिझेल इंजिन बसवून द्याल का?"

बसवून देतो. आमचं कामच ते आहे. पण गाडी आमच्या दारात येण्याआधीच इंजिन विकत घेतलेलं असेल, तर काम हमखास लांबतं. हे पत्रक मुख्यतः त्यासाठीच आहे.

भंगार बाजारात इंजिन स्वस्तात मिळतं, चालू करूनही दाखवतात. इथे आल्यावर कळतं की वायरिंग कटरनं तोडलेलं आहे, ईसीएम (इंजिन चालवणारा छोटा संगणक) दुसऱ्याच कुणीतरी नेलाय आणि ॲक्सिलरेटरचं पेडल जुन्या गाडीतच राहिलंय. जुन्या ट्रॅव्हलरचं इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं, २.४ लिटरचं, चार सिलिंडरचं. त्याला स्वतःच्या इंजेक्शन पंपातून डिझेल मिळालं की ते चालतं, बाकी काही मागत नाही. कॉमन रेल, म्हणजे एका सामाईक नळीतून खूप दाबानं डिझेल फवारणाऱ्या इंजिनाचं तसं नाही. त्याचे सेन्सर, पेडल, ईसीएम, चावीतला इमोबिलायझर (चोरी रोखणारी चिप) हे सगळं एकमेकांना ओळखावं लागतं. बऱ्याच इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर कोड असतो आणि तो ईसीएममध्ये भरावा लागतो. यातली एक वस्तू नसली तरी गाडी उभी राहते आणि ती वस्तू शोधण्यात आठवडे जातात. तेवढे दिवस आमची एक बेही (गाडी उभी करून काम करायची जागा) अडून राहते.

मापांचंही तसंच. ऑइल चेंबरचा खोलगट भाग पुढे आहे की मागे, तो ॲक्सलवर टेकतो का, रेडिएटर आणि पंखा यांच्यात जागा उरते का, हे फोटोवरून सांगता येत नाही. इंजिनावर व्हॅक्यूम पंप आहे का, हे तर कुणीच विचारत नाही. डिझेल गाडीच्या ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम त्या पंपातूनच मिळतो. तो नसेल तर ब्रेकवर उभं राहिलं तरी भरलेली कॅम्पर घाटात थांबायची नाही.

म्हणून आधी गाडी आणा. खरं सांगायचं तर पुष्कळदा नव्या इंजिनाची गरजच निघत नाही. आम्ही एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, पंप-नोझल, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, क्लच आणि चिकटलेले ब्रेक बघतो. मग गाडी वजनकाट्यावर चढवतो. १९ मिमीची ८ बाय ४ ची एक प्लाय ३५ किलोच्या आसपास भरते. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. इन्व्हर्टरची मोठी ट्युब्युलर बॅटरी एकटीच ५० किलोच्या वर जाते. गाडी वडापला (प्रवासी वाहतुकीला) असताना माणसं चढायची-उतरायची, कॅम्परमध्ये हे वजन कायमचं बसलेलं असतं. अशा गाडीला आम्ही आधी वजन कमी करा, पंप-नोझल करून घ्या असंच सांगतो. मोठ्या बिलाचं काम हातचं गेलं तरी चालेल.

तरीही इंजिन बदलायचंच ठरलं, तर पहिलं काम कागदांचं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदींशी जुळणार नाही असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन असेल तर रस्ता सोपा. वेगळं असेल तर आरटीओची लेखी मंजुरी आधी हवी, आणि ती मिळेलच असं गृहीत धरू नका. पैसे अडकवण्याआधी विचारा, हे त्यासाठीच सांगतो. सीमाभागात इथेच घोळ होतो. गाडी एमएच-०९ असेल तर मंजुरी कोल्हापूरला घ्यायची, काम बेळगावात होत असलं तरी. केए-२२ असेल तर इथली. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचीही लेखी संमती लागते. इंजिन नंबर असलेलं बिल नसेल तर आम्ही काम घेत नाही. यावरून ग्राहक नाराज होतात, पण अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस चासी नंबर आणि इंजिन नंबरच आधी बघतो.

आमचा दर रस्त्याकडेच्या गॅरेजपेक्षा जास्त आहे. कशासाठी, ते सांगतो. जुना गिअरबॉक्स नव्या इंजिनाला जोडायला मधे अडॅप्टर प्लेट लागते. ती आम्ही इथेच उद्यमबागमध्ये मशीनवर करून घेतो. बसवण्याआधी क्रँकच्या फ्लँजवर डायल गेज लावून क्रँक हातानं फिरवतो. गेजचं टोक बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) बोअरमधून फिरतं आणि काटा ठरलेल्या मर्यादेबाहेर हलला की प्लेट परत मशीनवर जाते. हे न करता नुसते बोल्ट आवळले तरी गाडी चालते, पण पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं) आवाज करू लागतं, मग क्लच जातो, मग गिअरबॉक्सचा शाफ्ट. जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णताही, त्यामुळे रेडिएटर, पंख्याचं आवरण आणि इंटरकूलर आमच्या अंदाजपत्रकात धरलेलेच असतात. ते वगळून दर कमी करा, असं कृपया म्हणू नका.

डिझेल टाकीचंही तसंच. जुन्या पत्र्याच्या टाकीत तळाला गंज आणि पाणी असतं. जुन्या पंपानं ते वर्षानुवर्षं सोसलं. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या पुढे जातो, तिथे गंजाचा बारीक कणही इंजेक्टर खराब करतो. म्हणून टाकी उतरवून धुतल्याशिवाय आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर लावल्याशिवाय आम्ही नवीन इंजिनाला चावी देत नाही.

आमच्यामार्फत घेतलेल्या इंजिनावर, फाउंडेशनवर (इंजिन ज्या आधारांवर बसतं त्यांवर) आणि वायरिंगवर आम्ही लेखी हमी देतो. तुम्ही आणलेल्या इंजिनावर फक्त आमच्या जोडणीची. तपासणीची फी वेगळी आहे, काम आमच्याकडे केलंत तर ती बिलातून वजा होते.

तपासणीला येताना गाडी रिकामी करून आणू नका. पाण्याची टाकी भरलेली, गादी, सिलिंडर, भांडीकुंडी सगळं आत, जशी तुम्ही गोव्याला नेता तशीच आणा. काट्यावर खरं वजन तेव्हाच कळतं. आरसी, विमा आणि पीयूसी सोबत ठेवा.