कीटो आहार सुरू करण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडे आहारसल्ल्यासाठी येणारे अनेकजण थेट कीटोचा, म्हणजे कर्बोदके अगदी कमी आणि स्निग्धे जास्त असलेल्या आहाराचा, तक्ता मागतात, कारण पहिल्याच आठवड्यात कुणाचे तरी दोन किलो उतरल्याचे त्यांनी ऐकलेले असते. ती हकिगत बहुधा खरी असते. पण उतरलेले ते वजन मुख्यतः चरबीचे नसते. यकृत आणि स्नायू मिळून सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (शरीराने साठवून ठेवलेली कर्बोदके) साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. कर्बोदके बंद होताच हा साठा रिकामा होतो, पाणी लघवीवाटे निघून जाते आणि वजनकाटा खूश करून टाकतो. कर्बोदके पुन्हा सुरू झाली की तेवढेच पाणी परत येते, तेव्हा "सगळे वाया गेले" असे समजू नये.

या आहारात दिवसाला साधारण २० ते ५० ग्रॅमच कर्बोदके घेता येतात. एका मध्यम केळ्यातच ती २५ ग्रॅमच्या आसपास असतात. हा आहार मुळात १९२१ च्या सुमारास अपस्माराच्या रुग्णांसाठी पुढे आला आणि औषधांना दाद न देणाऱ्या मुलांसाठी तो आजही वैद्यकीय देखरेखीखाली वापरला जातो. वजनासाठी करणाऱ्यांना त्याचा खरा लाभ म्हणजे भूक कमी लागते, रक्तातील साखर व ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) बहुतेकदा उतरतात. मात्र वर्षभराचा हिशेब मांडला, तर कमी कर्बोदकांचे आणि कमी स्निग्धांचे आहार यांच्या वजनघटीत फारसा फरक उरत नाही. आमच्या मते, जो आहार आपल्याला वर्षभर जमेल तोच निवडावा.

सुरुवातीच्या दिवसांत डोकेदुखी, थकवा आणि चिडचिड जाणवते, कारण पाण्याबरोबर मीठही बाहेर पडते. बद्धकोष्ठता नेहमीची आहे; काहींचे एलडीएल, म्हणजे 'वाईट' समजले जाणारे, कोलेस्टेरॉल बरेच वाढते, काहींना मूतखडा होतो.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्यांची साखर या आहाराने धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. 'ग्लिफ्लोझिन'ने संपणाऱ्या नावाच्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तातील आम्लता जीवघेणी वाढू शकते. गर्भवती, स्तनदा माता आणि स्वादुपिंडाचे विकार असलेल्यांना आम्ही हा तक्ता देत नाही. इतरांनी पहिल्या भेटीस येताना चालू औषधांची यादी आणि लिपिड (रक्तातील चरबीच्या) तपासणीचा अलीकडचा अहवाल सोबत आणावा. मधुमेहाची औषधे चालू असल्यास डॉक्टरांची लेखी संमतीही लागेल.